बिनतेलाचे अठरा दिवस

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोठ्या भावाच्या गळ्यातून दूध येऊ लागलं. मला तरी ते दूधच वाटलं.

त्याच्या थायरॉईडची गाठ आणि मानेच्या डाव्या बाजूच्या काही लहान गाठी काढल्या होत्या. टाक्यांखालून एक बारीक नळी बाहेर काढून ती प्लास्टिकच्या चपट्या डब्याला जोडली होती. आत साचणारं पाणी त्यातून निघून जातं, दोन-तीन दिवसांत नळी काढून टाकतात, असं सिस्टरनी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी डब्यात लाल होतं, दुसऱ्या दिवशी पिवळसर. तिसऱ्या दिवशी हिंगण्याला कामावर जाण्याआधी मी वॉर्डात डोकावलो, तेव्हा भाऊ उशीला टेकून बसला होता, वहिनी ताटली विसळायला गेली होती, आणि डब्यात पांढरंशुभ्र काहीतरी अर्ध्याच्या वर भरलं होतं.

"काहून गा, असा काय पाहून राहिला?" भावाने विचारलं. ऑपरेशनमुळे त्याचा आवाज बसला होता, कुजबुजल्यासारखा यायचा.

"काही नाही," मी म्हणालो आणि सिस्टरना शोधायला पळालो.

त्या दिवशी मी कामावर गेलोच नाही. सर्जन येईपर्यंत दोन तास मी वॉर्ड आणि जिना यांच्यामध्ये येरझारा घातल्या. प्रत्येक फेरीला डबा पाहायचो आणि प्रत्येक फेरीला तो थोडा अधिक भरलेला दिसायचा.

सर्जन आले, त्यांनी डबा उजेडात धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "सकाळी काय खाल्लं?"

"शिरा," वहिनी म्हणाली. "घरून आणला होता जी. आन दुधाचा चहा."

"तूप होतं शिऱ्यात?"

"हो जी. भरपूर होतं." हे तिने थोडं अभिमानाने सांगितलं. दोन दिवस पातळ पेजेवर राहिलेल्या नवऱ्याला तिने पहिल्यांदा पोटभर खाऊ घातलं होतं, आणि खायला कोणी मनाई केली नव्हती.

सर्जन पलंगाच्या कडेला बसले. आपण खातो ते तेल-तूप पोटातून सरळ रक्तात जात नाही, ते म्हणाले. आतड्यात त्याचे अगदी बारीक थेंब होतात, आणि ते थेंब रक्ताच्या नसांऐवजी दुसऱ्याच बारीक नळ्यांमध्ये शिरतात. त्या नळ्या एकत्र येत येत छातीतून वर चढतात आणि शेवटी डाव्या बाजूला मानेच्या तळाशी रक्तात उघडतात. ती शेवटची नळी कागदासारखी पातळ असते. भावाच्या गाठी तिला चिकटूनच होत्या. गाठी सोडवताना नळीला कुठेतरी चीर गेली असणार.

"म्हणजे हे दूध नाही," मी म्हणालो.

"हे तुमच्या वहिनींनी दिलेलं तूप आहे," सर्जन म्हणाले. ते हसून म्हणाले होते, दुखवायला नव्हे. पण वहिनीचा चेहरा उतरला तो पुढे कितीतरी दिवस तसाच राहिला.

माझा भाऊ आचारी आहे. आमचं गाव कुही तालुक्यातलं, घरी थोडं धान पिकतं. तो अठराव्या वर्षी नागपुरात आला आणि एका कॅटरिंगवाल्याकडे भांडी घासायला लागला. दहा वर्षांत स्वतःची कढई, स्वतःचे गंज-पातेली, स्वतःची माणसं. आमच्या वस्तीतली लग्नं, विहारातलं भोजनदान, साहेब लोकांच्या घरचे वाढदिवस, सगळीकडे तोच. त्यानेच मला गावाहून आणून आयटीआयला घातलं. मी लग्न केलं नाही, त्याच्याच घरी वरच्या खोलीत राहतो आणि हिंगण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. दिवसभर मशीनमधून निघालेले सुटे भाग गेजने मोजायचे, मापात असेल तो ठेवायचा, नसेल तो बाजूला टाकायचा.

भावाला माप लागत नाही. तेल तापलं की नाही हे तो कढईकडे पाठ करून सांगतो. मटणाला फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, वांग्याच्या भरतावर वरून कच्चं जवसाचं, लग्नातल्या बुंदीला आणखी वेगळं. रश्श्यावर तेलाची तर्री कधी सुटेल हे तो वासावरून ओळखतो. अशा माणसाला सर्जननी सांगितलं की उद्यापासून एक थेंब तेल नाही. जितकी चरबी पोटात जाईल तितका त्या नळीतून ओघ वाढेल आणि चीर भरणार नाही. ओघ कमी ठेवला तर ती बहुतेक वेळा आपोआप भरून येते. नाही आली तर मान पुन्हा उघडावी लागते.

दुपारी आहारतज्ज्ञ मॅडम आल्या. पंचविशीच्या असतील. हातात वही, खांद्याला पाण्याची बाटली. त्यांनी विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं?"

भावाने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"आता कोण करेल?"

वहिनी पलंगाजवळून हलायला तयार नव्हती. मी हात वर केला. मला चहा आणि खिचडी सोडून काही येत नव्हतं.

मॅडमनी यादी सांगितली. तेल, तूप, लोणी बंद. साय असलेलं दूध बंद. मटण, अंड्याचा पिवळा बलक, फल्लीदाणे, तीळ, जवस, खोबरं बंद. भात, भाकर, बिनफोडणीचं वरण, उकडलेल्या भाज्या, अंड्याचा पांढरा भाग, साय पूर्ण काढलेलं दूध, फळं चालतील. मग त्यांनी एका तेलाचं नाव लिहून दिलं, एमसीटी तेल. औषधाच्या दुकानात मिळतं. रोज थोडं थोडं, शिजवलेल्या अन्नावर वरून टाकायचं, फोडणी द्यायची नाही.

"आत्ताच तर म्हटलं तेल नाही," भाऊ म्हणाला.

"सगळ्या चरबीची रचना सारखी नसते, काका," त्या म्हणाल्या. "तुमचं फल्लीचं तेल, तूप, मटणाची चरबी, हे सगळं लांब साखळ्यांचं असतं. पाण्यात मिसळत नाही. त्याला पित्त लागतं, थेंब बनवून त्याला वेष्टण घालावं लागतं, मग ते त्या मानेकडच्या नळीनेच जातं. ह्या तेलातल्या साखळ्या त्याहून आखूड असतात, मध्यम म्हणतात त्यांना. त्यांना तो वळसा लागत नाही. आतड्यातून सरळ रक्तात, रक्तातून यकृतात, आणि तिथे लगेच खर्च. तुमच्या नळीला पत्ताही लागत नाही."

भावाने डोळे मिटून घेतले. मला वाटलं त्याला झोप आली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मॅडम, पित्त म्हंजे साबणासारखं काम करते का?"

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या.

"तीस वर्सं लोकाइले तेल चारून राहिलो," तो मला म्हणाला, "आन थे कुठून जाते थे आज कळून राहिलं."

दुसऱ्या दिवसापासून माझा क्रम ठरला. पहाटे उठून स्वयंपाक, सातच्या आत डबा दवाखान्यात, तिथून मोटरसायकलने हिंगणा, पाळी संपली की पुन्हा दवाखाना. मे महिना होता. हिंगण्याहून येताना रस्त्यावरची हवा तोंडावर भट्टीसारखी लागायची. पण मला घरी जाऊन कूलरसमोर बसवत नव्हतं. वॉर्डातही बसवत नव्हतं. वहिनी स्टूल पुढे करायची, मी दोन मिनिटं टेकायचो आणि उठायचो. सिस्टर दिवसातून दोनदा नळीचा डबा रिकामा करून आकडा लिहायच्या. मला तेवढं पुरेना. मी बॉलपेनने डब्यावर दर तासाला रेघ मारू लागलो. एका सिस्टरनी ते पाहिलं आणि रागावल्या, "भाऊ, तुम्ही इथे कारखाना नका काढू." मी पेन खिशात ठेवलं आणि डोळ्यांनीच मोजू लागलो.

पहिल्या दिवशी साडेतीनशे मिलिलिटर झालं होतं. दुसऱ्या दिवशी तीनशे.

स्वयंपाकाची गत वाईट होती. पहिल्या दिवशीची दुधीची भाजी त्याने दोन घास खाल्ली आणि ताटली बाजूला ठेवली.

"भाजीत पाणी हाय, भाजी नाही," तो म्हणाला.

"तेल नाही तर चव कुठून येईन?"

"तेल नाही म्हणून चव नाही असं नसते. तू जिरं भाजलं होतं का?"

"तेलाशिवाय कसं भाजू?"

 दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओट्यापाशी उभा असताना त्याचा फोन आला. वहिनीने लावून दिला असणार. त्याच्या त्या कुजबुजत्या आवाजात तो म्हणाला, "फोन कानाले लाव आन मी सांगतो तसं कर. तवा ठेव. कोरडा. जिरं टाक. हलवत राय. रंग नको पाहू, वास घे."

मी वास घेतला. काही कळलं नाही.

"आला का?"

"कशाचा?"

"थांब मंग."

आम्ही दोघं थांबलो. मग वास आला, एकदम, आणि मी सांगायच्या आत तो म्हणाला, "आता उतरव." किती वेळ लागेल ते त्याला माहीत होतं. मग त्याने कांदा कोरडाच परतायला लावला, चिकटला की पाण्याचा हबका, पुन्हा परतायचा, पुन्हा हबका. लसूण निखाऱ्यावर भाजायची, निखारा नसेल तर गॅसच्या जाळीवर. टमाटर भाजून त्याची साल काढायची. सांबार देठासकट वाटायचा. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या दिवशी त्याने ताटली रिकामी केली. मी नळीच्या डब्याकडे पाहत होतो, त्याच्याकडे पाहायला विसरलो. वहिनी म्हणाली, "भाऊजी, खाल्लं पाहा सगळं."

असे रोज फोन सुरू झाले. तो बोलून दमायचा, मध्ये खोकायचा, पण फोन ठेवायचा नाही. मला वाटतं ऑपरेशननंतर त्याला पहिल्यांदा काही काम मिळालं होतं. मला मात्र त्या फोनवरही चैन नसायची. एका कानाने मी जिऱ्याबद्दल ऐकायचो आणि मनात आकडे चालायचे. दोनशे दहा. एकशे वीस. ऐंशी. पांढरा रंग जाऊन पिवळसर, पाण्यासारखा दिसू लागला. आठव्या दिवशी पन्नासच्या खाली आलं. सर्जन म्हणाले, "दोन दिवस असंच राहिलं तर नळी काढू."

तो शनिवार होता. रविवारी सकाळी एमसीटी तेलाची बाटली उपडी केली तर दोन थेंब पडले.

दवाखान्यासमोरच्या दुकानात ते संपलं होतं. आणखी दोन ठिकाणी विचारलं, उद्या संध्याकाळी येईल म्हणाले. मॅडमनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की तेल एखाद दिवस मिळालं नाही तर नसू द्या, बाकी जेवण द्या. हे मला चांगलं आठवत होतं. पण भाऊ उतरला होता. गालफडं बसली होती, मनगटावर घड्याळ फिरायला लागलं होतं. उपाशी माणसाची जखम कशी भरेल, हेच माझ्या डोक्यात बसलं. मी दुकानदाराला विचारलं, "हे तेल बनते कशापासून?"

"खोबऱ्यापासूनच काढते ना," तो म्हणाला.

मी तिथेच फूटपाथवर उभा राहून मोबाईलवर शोधलं. खोबरेल तेल म्हणजे मध्यम साखळीचं तेल, असं कुठेतरी लिहिलं होतं. मी तेवढंच वाचलं. पुढे काही लिहिलं होतं का ते पाहिलं नाही. किराणा दुकानातून खाण्याचं खोबरेल आणलं आणि घरी जाऊन खिचडीवर चांगले तीन चमचे टाकले.

भावाने डबा उघडला आणि थांबला. "हे डोक्याले लावाचं तेल होय."

"खाण्याचं हाय. त्याच जातीचं हाय."

"मॅडमनं सांगितलं का?"

"हो," मी म्हणालो. "मॅडमले विचारूनच टाकलं."

रविवार होता, मॅडम सुट्टीवर होत्या. माझ्याकडे त्यांचा फोन नंबर होता, मी लावला नव्हता. भावाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खायला सुरुवात केली. नागपुरात कोणी खोबरेलात काही शिजवत नाही. प्रत्येक घासाला त्याचं तोंड वाकडं होत होतं, पण त्याने सगळी खिचडी संपवली.

संध्याकाळी पाचला नळीचा डबा पांढरा झाला होता.

मी त्याला हात लावून पाहिला. तो रंग बदलेल, खाली बसेल, असं काहीतरी वाटून मी उभाच राहिलो. वहिनी म्हणाली, "आता काय झालं?" मी म्हणालो, "सिस्टरले सांगतो." आणि सांगितलं. फक्त रंगाबद्दल सांगितलं.

सोमवारी सकाळी सर्जन आले तेव्हा आकडा तीनशेवर गेला होता. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. "ताई, काय दिलं होतं काल?"

"काही नाही जी. भाऊजीच्या हातचा डबा."

"वरून थोडं तूप? चहात साय?"

"नाही जी."

"पहा, तुमच्या मायेने त्यांचं नुकसान होतंय," ते म्हणाले. आवाज शांत होता, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता हे वॉर्डातल्या सगळ्यांना कळलं. त्यांनी सिस्टरना सांगितलं की आजपासून घरचं काही आत येऊ द्यायचं नाही, दवाखान्यातलंच जेवण. मानेवर दाब देणारी पट्टी बांधली, ओघ कमी व्हायचं इंजेक्शन सुरू केलं. चार दिवसांत उतरलं नाही तर पुन्हा उघडू, असं म्हणून ते पुढच्या पलंगाकडे गेले.

मी खिडकीपाशी उभा होतो. सगळं ऐकत होतो. वहिनी पदराने तोंड पुसत व्हरांड्यात गेली. मी भावाला म्हणालो, "पाळीची वेळ झाली," आणि निघालो.

त्या दिवशी मी कारखान्यात काय तपासलं मला माहीत नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "अबे, हे सगळे चांगले पीस हाय, काहून बाजूला टाकून राहिला?" मी मोजत होतो आणि मला प्रत्येक माप चुकीचं दिसत होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. सुपरवायझरला सांगितलं की भावाकडे जातो, आणि गाडी काढली.

मॅडम त्यांच्या खोलीत नोंदी लिहीत बसल्या होत्या. मी दारातच उभं राहून सांगून टाकलं. तीन चमचे, खोबरेल, मोबाईलवर वाचलं, खोटं बोललो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बसा."

"उभाच बरा."

"बसा आधी," त्या म्हणाल्या. मी बसलो. "दुकानदार खोटं बोलला नाही. ते तेल खोबरेलापासूनच काढतात. पण त्यातला अगदी आखूड साखळ्यांचा भाग वेगळा काढून. तो खोबरेलात थोडाच असतो. मोठा भाग असतो तो जरा लांब साखळीचा. नावाला तोही मध्यम, लोक तसंच लिहितात. पण आतडं तुमचा मोबाईल वाचत नाही. त्यातला बराचसा भाग ते नेहमीच्या चरबीसारखा थेंबात भरतं आणि मानेकडे पाठवतं."

मी विचारलं, "माझ्यामुळे पुन्हा ऑपरेशन होईन का?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. खोटा धीर त्यांनी दिला नाही. "पण कारण कळलं हे चांगलं झालं. काहीही न देता ओघ वाढला असेल तर चीर मोठी झाली, अशीही डॉक्टरांना धास्ती होती. आता त्यांचा अंदाज बदलेल. त्यांना मी सांगते. तुमच्या वहिनींना तुम्ही सांगा."

वहिनी व्हरांड्यात पाण्याच्या फिल्टरपाशी बाटली भरत होती.

"वहिनी, थे तेल मी टाकलं होतं."

"कोणतं?"

"काल. खिचडीत. खोबऱ्याचं."

बाटली भरून वाहायला लागली. तिने नळ बंद केला. "डॉक्टर मले विचारून राहिले होते, तवा तुमी तिथंच होते ना?"

"हो."

तिने झाकण लावलं आणि आत निघून गेली. त्यानंतर तिने त्या विषयावर मला एक शब्दही विचारला नाही, आणि दुसऱ्याही कोणत्या विषयावर फारसं बोलली नाही.

भावाला सांगायला गेलो तर तो म्हणाला, "मले माहीत होतं."

"कसं?"

"तू मॅडमले विचारलं असतं तर मॅडमनं चमचे मोजून सांगितले असते. तू तर खिचडी भिजवून आणली होती."

"मंग खाल्लं काहून?"

  "तू आठ दिवस झाले एका जागी बसला नाहीस," तो म्हणाला. "तुले वाटत होतं का मी काही खाऊन नाही राहिलो. म्हटलं, खाऊन घेतो, म्हंजे हा बसन तरी."

मी पुन्हा जिन्याकडे गेलो. त्या चार दिवसांत तो जिना मी किती वेळा चढलो-उतरलो असेन. माझ्याकडे आता स्वयंपाकही नव्हता. पहाटे जाग यायची, मी सवयीने तवा ठेवायचो आणि बंद करायचो. मंगळवारी दोनशे सत्तर. बुधवारी एकशे नव्वद. गुरुवारी मी वॉर्डात जायच्या आधी बाहेरच चहाच्या ठेल्यावर उभा राहिलो, कारण आकडा ऐकायची हिंमत होत नव्हती. वहिनी खिडकीत आली. तिने मला पाहिलं आणि हाताची चार बोटं आणि मग मूठ दाखवली. मला आधी कळेना. मग कळलं, चाळीस.

आणखी पाच दिवस त्यांनी काही बदललं नाही. मॅडम मध्ये मध्ये येऊन भावाशी बोलत बसायच्या. असं फार दिवस ठेवता येत नाही, त्या म्हणाल्या, कारण काही चरबी अशी आहे की ती शरीराला लागते पण बनवता येत नाही, ती खाण्यातूनच यावी लागते. फल्लीच्या तेलात एक प्रकारची, जवसात दुसऱ्या प्रकारची. काही जीवनसत्त्वंही तेलाच्या सोबतीनेच आत जातात. "म्हंजे आमचे म्हातारे भरतावर जवसाचं तेल टाकत होते थे बरोबरच होतं," भाऊ म्हणाला. "बरोबर होतं," त्या म्हणाल्या, "पण आता नाही टाकायचं." तो हसला, आणि हसताना टाके ओढले गेले म्हणून गळ्यावर हात ठेवला.

अठराव्या दिवशी परीक्षा होती. नळी काढण्याआधी मुद्दाम चरबी खायला द्यायची आणि डबा पाहायचा. पांढरा झाला नाही तर चीर भरली. भावाने कुजबुजत मटणाचा रस्सा मागितला. सर्जन म्हणाले, लोण्याचे दोन टोस्ट आणि पेलाभर सायीचं दूध. टोस्ट वहिनीने आणले. ते तिने सर्जनसमोर पिशवीतून काढले, एक एक उलटून दाखवले, आणि मग ताटलीत ठेवले. सर्जनना बहुधा आठवलं. ते म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी तुम्हाला बोललो." वहिनी म्हणाली, "जाऊ द्या जी." माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

सकाळी नऊला त्याने टोस्ट खाल्ले. मी रजा काढली होती. दहा वाजता डबा पिवळसर. अकराला पिवळसर. भाऊ झोपला. दुपारी एकला माझे पाय दुखायला लागले तेव्हा लक्षात आलं की मी पलंगाच्या पायथ्याशी सकाळपासून उभा आहे. तीनला सिस्टर आल्या, डबा हलवून पाहिला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे." पाचला पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी निघाली.

घरी आल्यावर पंधरा दिवस तेल थोडं थोडं वाढवायचं होतं. अर्धा चमचा, एक चमचा. भाऊ स्वतः मोजून घ्यायचा. ज्या माणसाने जन्मात पळी मोजली नाही, तो औषधाच्या चमच्याने वरणावर तेल सोडताना मी पाहिला, आणि मला ते फार वेळ पाहवलं नाही.

त्याचा आवाज पूर्ण परत आला नाही. मानेतली एक शीर दुखावली होती, सुधारेल तेवढी सुधारेल, असं सांगितलं आहे. पावसाळा संपत आला तेव्हा त्याने पहिली ऑर्डर घेतली, हिंगण्याजवळच्या एका वसाहतीत बाळाच्या नामकरणाची. दीडशे पान. अडचण अशी की त्याला ओरडता येत नव्हतं, आणि भट्टीच्या आवाजात कुजबुज कोणाला ऐकू जाणार. रविवार होता म्हणून मी गेलो. तो माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, "आलू उतरव म्हण," आणि मी मोठ्याने सांगायचो. "जाळ कमी." "जाळ कमी करा." चार भट्ट्यांमध्ये मी सकाळपासून धावत होतो. वहिनी एका बाजूला तांदूळ निवडत बसली होती. दुपारी पंगत बसल्यावर तिने मला ताट वाढून दिलं, आणि मी उभ्यानेच खायला लागलो तसं म्हणाली, "भाऊजी, बसून खा ना." मी बसलो. 

पुढच्या महिन्यात त्याची तपासणी आहे. रक्त देतील, मान तपासतील, गाठी पुन्हा आल्या का पाहतील. भाऊ त्याबद्दल बोलत नाही. तो सध्या दिवाळीनंतरच्या लग्नांच्या तारखा ठरवून राहिला आहे. मी तपासणीसाठी सुट्टीचा अर्ज देऊन ठेवला आहे, आणि एका दिवसाऐवजी दोन दिवसांचा दिला आहे.